बेबीची काच पाहायला नागपूरला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे संत्र्याच्या झाडांना बोर्डो लावणं. ज्यांची बाग नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळा सरला की मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या पाण्यात भिजवायचा, मग एकत्र कालवायचा आणि झाडाच्या बुडाला कमरेच्या उंचीपर्यंत ब्रशनं फासायचा. बुड सडत नाही, डिंक गळत नाही. मी कालवत होतो, बेबी फासत होती. बेबी म्हणजे माझी बायको. तिच्या वयाच्या बायकांत हे नाव आमच्याकडे पुष्कळ सापडेल. लहानपणी ठेवलं, म्हातारपणी कोण बदलते?

"पातळ केलं तुम्ही," ती म्हणाली. "सारं खाली वघळून राहिलं."

"पातळ नाई. तुझा हात थरथरून राहिला."

"थरथरनच तं. थंडी वाजून राहिली मले."

ऑक्टोबरचं ऊन होतं. माझी बंडी घामानं पाठीला चिकटली होती. मी म्हणालो, "काम टाळाले नवीन बहाना काढला." ती हसली, पुढच्या झाडाकडे गेली, तेही झाड नीट फासलं आणि मग बांधावर जाऊन बसली. निळे हात मांडीवर तसेच ठेवून.

त्याच्या आधी ती गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात, आपल्या बहिणीकडे राहून आली होती. येताना मध आणला, चारोळ्या आणल्या आणि अंगात मलेरिया आणला. मेंदूत जातो तो. काटोलहून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. पहिल्या दिवशी ती शुद्धीत होती. तेव्हा एक पोरगी खाटेजवळ आली. पांढरा कोट, केस वर बांधलेले. नाव मीनल. विद्यापीठात मलेरियावर संशोधन करते म्हणाली. उपचारासाठी रक्त काढणारच आहेत, त्यातलं थेंबभर आम्हाला दिलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. मला नाही, बेबीला विचारलं. हे मला आवडलं.

"घे वं बाई," बेबी म्हणाली. "या माणसानं जन्मभर आटवलं, तरी उरलं अजून."

मीनल हसली. बेबीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती कोणाला ओळखेना. मग गेली.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे होते, भरपूर होते, समोरच्या बाभळीवर बसले होते, पण खाली येईनात. अशा वेळी घरची माणसं पुढे होऊन गेलेल्या माणसाला वचन देतात. मी म्हणालो, झाडं वाळू देणार नाही. पोरगी वंदना म्हणाली, बाबाले नागपूरले, बेसाले माझ्या घरी घेऊन जाईन. हे ऐकून एक कावळा तर उडूनच गेला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक उठले, पण जाता जाता म्हणाले, बेबीचा जीव कशात तरी अडकला.

मला मनातून वाटलं, माझ्यात अडकला असेल. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

मग एक दिवस मीनलचा फोन आला. ज्यांचं रक्त घेतलं ते बरे झाले का, हे ते लोक नंतर विचारतात. "आबाजी, आजी कशा आहेत?" मी म्हणालो, गेली. पोरीनं कधी, कसं ते विचारलं. मग म्हणाली, "त्यांचं रक्त आमच्याजवळ आहे. जपून ठेवलं आहे."

हे वंदनाला सांगितलं तर ती म्हणाली, "हेच तं! राख रामटेकले सोडली अन् रक्त नागपुरात राहिलं. त्यातच अडकली आई. आणा बाबा ते. सोडून येऊ, मोकळी करू तिले."

मला वाईट वाटलं. म्हणजे माझ्यात नाही, नागपुरात अडकली. पण पोरीचं म्हणणं पटलं. मृगाच्या बहाराची पहिली संत्री तोडायला आली तेव्हा मी निघालो. परत आल्यापासून गावात जो तो विचारतो, बुवा, विद्यापीठात काय पाहिलं? सांगून सांगून तोंड दुखलं, आणि दर वेळी काहीतरी सांगायचं सुटतं. माझी शाळा चौथीपर्यंतची आहे, पण लिहिता येतं. ज्यांचं तिकडे जाणं होत नाही त्यांनी हे वाचावं आणि मला पाराजवळ अडवू नये.

इतवारी

बसचं काय सांगायचं, बस ती बस. मी आधी इतवारीत गेलो. रक्त आणायचं तर भांडं पाहिजे. मीनल थेंबभर म्हणाली होती, पण माझी समजूत अशी की दवाखान्याचा थेंब बाटलीभर तरी असेल. ते लोट्यात ओतून घ्यायचं, लाल फडकं बांधायचं आणि रामटेकला न्यायचं, असं मी ठरवलं होतं.

इतवारीच्या भांड्यांच्या गल्लीत माणसाला चालायला जागा हातगाडीवाल्याच्या मर्जीनं मिळते. तो "बाजू, बाजू" म्हणतो तेव्हा चाक आधीच पायाला लागलेलं असतं. एका दुकानात झाकणाचा तांब्याचा लोटा मागितला.

"गंगाजल के लिए क्या, काकाजी?"

"हाव, तसंच समज."

"मग हा घ्या. पक्कं झाकण. उलटा धरा, थेंब पडला तर नाव बदलतो."

मी म्हणालो, पाणी भर. त्यानं भरला, मी उलटा धरला, सारं पाणी माझ्या चपलेवर. दुसरा काढला. त्याचंही तेच. दुकानदार म्हणाला, "आप पकडते टेढा हो." मी म्हणालो, "लोटा वाकडा धरला म्हणून पाणी सांडते, तं सरळ धराले झाकण कायले पाहिजे?" तेव्हा त्यानं आतल्या खोलीतून तिसरा आणला. तो खरंच पक्का निघाला. काटोलच्या बाजारात आम्ही संत्र्याच्या ढिगात चांगला माल वर ठेवतो. इतवारीत चांगला माल आत ठेवतात, गिऱ्हाईक दोनदा नाही म्हणालं की बाहेर येतो. धंदा दोन्हीकडे एकच.

दुकानदारानं नाव काही बदललं नाही.

ओल्या चपलेनं गल्लीच्या तोंडाशी तर्रीपोहे खाल्ले. नागपूरला आलो की बेबीचं ठरलेलं होतं. तर्रीतले चणे उचलून माझ्या पोह्यांवर टाकायची आणि माझी तर्री आपल्या प्लेटीत ओतून घ्यायची. लाल तेल तिला फार आवडायचं. त्या दिवशी पोहे संपले, चणेही संपले, आणि प्लेटीत लाल तेल तेवढं उरलं. गाडीवाला म्हणाला, "काकाजी, तिखट लागली का?" मी हो म्हणालो.

विद्यापीठात

मीनल फाटकाशी उभी होती. माझ्या हातात लोटा, खांद्यावर संत्र्यांची पिशवी. तिनं पिशवी घेतली, लोट्याकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही.

आत मोठा लांब व्हरांडा आहे आणि दोन्ही बाजूंच्या कपाटांत बरण्या. बरण्यांत जंत. गोल जंत, चपटे जंत, फितीसारखे लांब जंत, सगळे पाण्यासारख्या औषधात बुडवलेले. आमच्या लहानपणी हे सगळ्यांच्याच पोटात होते, कोणी बरणीत घालून ठेवले नाहीत. एका भिंतीवर हत्तीपाय झालेल्या माणसाचं चित्र आहे. मीनल म्हणाली, हत्तीपायाचे बारीक किडे रात्री रक्तात फिरतात, दिवसा लपतात, म्हणून रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. आमच्या गावातल्या माझ्या मित्राला हत्तीपाय होता. तोही दिवसा झोपायचा आणि रात्री फिरायचा. किड्यांनी माणसाची सवय घेतली की माणसानं किड्यांची, कोण जाणे.

मग डासांची खोली. गावातल्या लोकांना हे खरं वाटत नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलं. जाळीचे पिंजरे आहेत, आत डास पाळलेले आहेत. खोली उबदार ठेवतात, दमट ठेवतात, पाण्याच्या पसरट ताटल्यांत त्यांची पिल्लं वळवळतात. आणि पिंजऱ्यात त्यांना खायला भिजवलेले मनुके.

"मनुके?" मी म्हणालो. "आमच्या घरी बाळंतिणीलेच भेटत होते."

"गोड लागते त्यांना, आबाजी. रक्त नुसती मादी पिते, तेही अंडी घालायची असली की. नर बिचारे जन्मभर गोडावरच राहतात."

"मग दे न माही संत्री. काटोलची आहेत. मनुके इसरतीन."

मीनल हसून वळली आणि म्हणाली, "नरांना आवडतील, पण खोलीत बाहेरचं काही न्यायचं नाही." तिथलं सोवळं फार कडक आहे. दर दारापाशी हात धुवायचे. आत पाणी प्यायचं नाही, खायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही. आमच्याकडे श्राद्धाचा स्वयंपाक करणारे महाराजही इतकं पाळत नाहीत. त्यांच्या मिशीला तरी हात जातो.

शेवटच्या खोलीत त्यांच्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. पांढरे केस, कपाळावर बारीक टिकली, बोलणं पुण्याकडचं. मला खुर्ची दिली. मी लोटा टेबलावर ठेवला आणि सरळ म्हणालो, "बाई, माझ्या बायकोचं रक्त न्यायला आलो."

मॅडमनी मीनलकडे पाहिलं. मीनलनं खाली पाहिलं. मी कावळ्याचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, मध्येच थांबवलंही नाही. मग मीनलला म्हणाल्या, "काच आण."

तिनं एक लाकडी पेटी आणली. त्यात खाचा, खाचांत काचेच्या पट्ट्या. एक पट्टी तिनं कडेनं धरून काढली आणि माझ्यासमोर कागदावर ठेवली. माझ्या बोटाएवढी लांब, दोन बोटं रुंद. तिच्यावर एक फिकट जांभळा डाग, जीभ लावून पुसल्यासारखा.

"हे काय?"

"हेच, आबाजी. आजी."

बाटलीभर रक्त ओतायला आणलेला लोटा शेजारी तसाच होता. मला त्या लोट्याची लाज वाटली. मी तो उचलून पायाशी ठेवला.

मॅडम म्हणाल्या, "हे बाहेर नेऊ देता येत नाही. आमच्याकडे तसा नियम आहे. पण तुमच्या मनाविरुद्ध आम्ही ठेवणारही नाही. तुम्ही नको म्हणालात की नष्ट करू. त्यासाठी इथे भट्टी आहे."

"एकदा जाळली तिले," मी म्हणालो. "आता पुन्हा जाळायची?"

मीनल म्हणाली, "आबाजी, आधी पाहून तर घ्या."

दुर्बिणीसारखं यंत्र असतं, फक्त खाली पाहायचं. काचेवर तिनं तेलाचा थेंब टाकला. मी म्हणालो, हे काय? ती म्हणाली, तेलाशिवाय स्पष्ट दिसत नाही. मला खरं तर एका डोळ्यानं पाहताच येत नाही. डावा मिटला की उजवाही मिटतो. शेवटी डाव्यावर हात ठेवला आणि वाकलो. आणि दिसले! काळे, लांब, वाकडे, हलणारे.

"किती मोठे आहेत वं हे! यांनीच मारलं तिले?"

"आबाजी, त्या तुमच्या पापण्या."

मॅडम पलीकडे तोंड करून खोकल्या. मीनलनं माझं डोकं जरा मागे केलं आणि एक चाक इवलंसं फिरवलं. आधी नुसता उजेड होता. मग ती दिसली.

उन्हात चादरीवर पापड घातल्यासारख्या गोल चकत्या. फिकट, एकमेकींना खेटलेल्या, कुठे एकीवर एक चढलेली. त्यांतल्या काही चकत्यांत निळंजांभळं बारीक जोडवं, एका बाजूला खडा लावल्यासारखं. मीनल म्हणाली, ते जोडवं म्हणजे मलेरियाचा जंतू. मी पुष्कळ वेळ पाहत राहिलो. इतकं सुबक होतं की राग येईना. मनात ठरवून राग आणून पाहिला, तरी येईना.

"अन् ज्या चकत्यांत काही नाई, त्या?"

"त्या चांगल्या. त्या आजींच्या."

"चांगल्याच जास्त दिसून राहिल्या."

"हो आबाजी. चांगल्याच जास्त होत्या."

मी पुन्हा वाकलो. मीनल काच हळूहळू सरकवत होती. म्हणाली, आम्ही असंच पाहतो, एका कडेनं वर जायचं, जरा बाजूला सरायचं, मग खाली यायचं, म्हणजे काही सुटत नाही. मी म्हणालो, "हे तं वखर हाकलल्यासारखं झालं." एक ओळ वर, एक ओळ खाली. बेबीच्या रक्तात मी तसा हिंडलो. पेरलेल्या वावरात असतं तसं एक ठिकाण विरळ होतं, एक दाट होतं. एका जागी मोठी गडद जांभळी पेशी होती. मीनल म्हणाली, ती लढणारी. मी म्हणालो, "वाटलंच. तिचाच स्वभाव."

हीच काच जपायचं कारण मॅडमनी सांगितलं. बहुतेक रक्तात जंतू शोधत बसावं लागतं. नव्या मुलाला ते ओळखूच येत नाही, तो घाण समजून सोडून देतो. बेबीच्या काचेत थर पातळ उतरला आहे आणि जंतू स्वच्छ दिसतो. एकदा हे पाहिलं की मग कोणाच्याही रक्तात चुकत नाही. कोणतं औषध कोणत्या जंतूवर चालेनासं झालं आहे तेही त्या शोधतात, आणि त्यासाठी तिच्या थेंबातून आणखी काय काय काढलं ते त्यांनी समजावलं. मला ते कळलं नाही. कळलं असं म्हणालो नाही.

"नव्या मुलांचा तास उद्या सकाळी आहे," त्या म्हणाल्या. "हीच काढणार होतो. तुमची इच्छा नसेल तर दुसरी काढू. घरी विचार करा, सकाळी सांगा."

मीनलनं मऊ कागदानं काचेवरचं तेल टिपलं. पुसलं नाही, टिपलं. आणि काच पेटीत ठेवून झाकण लावलं.

"अंधारात काहून ठेवता?"

"उजेडानं रंग उडतो. आम्ही पाहतो तेव्हाही खालून दिवा लागतो न, तेव्हाही उडतो. थोडा थोडा."

"म्हणजे पाहून पाहून संपते?"

"हो. पण पुष्कळ वर्षं लागतात."

"माझ्यापेक्षा जास्त टिकन?"

पोरगी गडबडली. मी म्हणालो, "घाबरू नको. पाहू, कोण आधी जाते."

बेसा

वंदना बेसाला राहते. पूर्वी तिकडे तुरीची वावरं होती, मी बैलबंडीतून गेलो आहे. आता चार-चार मजली इमारती, आणि प्रत्येक इमारतीचं नाव फुलाचं. फूल कुठे दिसत नाही. रस्त्याच्या कडेला खोदलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं. पूर्वी मी त्या पाण्याकडे पाहिलंही नसतं. आता वाकून पाहिलं, पिल्लं वळवळतात का. एक बाई खिडकीतून म्हणाली, "काही पडलं का काका?"

वंदनानं पाटवडीचा रस्सा केला होता. दारातच तिचे डोळे लोट्यावर.

"आणलं?"

"नाई."

"काहून?"

जेवता जेवता सगळं सांगितलं. भट्टीचं ऐकून तिचा घास थांबला. पण लगेच म्हणाली, "मग भट्टीत तं भट्टीत. मोकळी तं होईन. किती दिवस ठेवता बाबा तिले अडकवून?"

"मी कुठं अडकवली? ती तिकडं आहे."

"आईचा नाई अडकला जीव. तुमचा अडकला."

माझी पोरगी आईसारखी आहे, तोंडावर बोलते. मी म्हणालो, "हाव. अडकला. मग अडकू दे न वं. तुले काय घाई आहे सोडवाची?"

तिनं मला रस्सा वाढला. थोड्या वेळानं, भांडी उचलता उचलता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कशी दिसते?"

"उन्हात पापड घातल्यासारखी. गोल गोल."

"गोल?" तिनं ताटं खाली ठेवली. "आईचे पापड जन्मात कधी गोल झाले नाईत."

"हे झाले."

ती हसायला लागली. मग तिला ते थांबवता येईना आणि ते हसणं राहिलं नाही. मी ताटं उचलून मोरीत ठेवली. मग तिला रंगाचं सांगितलं. पाहणारा पाहतो, तेवढा रंग उडतो. शिकणारी पोरं येतील, एकेक डोळा लावतील, एकेक थेंब उजेड तिच्यातून जाईल. आपण सोडलं नाही तरी ती जातेच आहे.

"म्हणजे पोरंच तिले मोकळी करतीन," वंदना म्हणाली.

"पाहून पाहून."

"अन् कावळा?"

"कावळ्याले काय समजते."

हे मी बोलून गेलो आणि मलाच दचकल्यासारखं झालं. वंदनानं लोट्यात पाणी भरून माझ्या उशाशी ठेवलं. तो लोटा आता तिच्याकडेच आहे. झाकण अजून पक्कं आहे म्हणते.

मी मात्र काही ठरवलं नव्हतं. वाचणाऱ्याला वाटेल, एवढं बोललो म्हणजे ठरलंच. तसं नसतं. पोरीला समजावणं वेगळं. मनात एक गोष्ट अशी होती की ती संपणार असेल तर दुसऱ्यांच्या डोळ्यांनी काहून संपावी? चाळीस वर्षांच्या वर ती मीच पाहिली. तिला तापातही मीच पाहिलं. आता कुठलीतरी परकी पोरं येऊन तिचा रंग नेणार, आणि मी काटोलला कुंपण नीट करत बसणार. याचं उत्तर मला बेसात सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

वंदनानं स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं. म्हणाली, "तुम्ही जे सांगाल ते. मी पुढच्या वेळी येईन पाहाले." आणि ऑफिसला गेली.

रात्री पडल्या पडल्या मला एक अट तेवढी सुचली होती. मॅडमना म्हणालो, "राहू द्या. पाहू द्या पोरांले."

"नक्की?"

"नक्की. पण एक करा. त्यांले नुसतं जोडवं दाखवून सोडू नका. ज्यांत काही नाई त्या चकत्या बी दाखवा. त्या माझ्या बायकोच्या आहेत म्हणून सांगा. नाव सांगाची गरज नाई, पण बाई होती एवढं सांगा."

मॅडम म्हणाल्या, "सांगेन." मग विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"बेबी."

त्यांनी ते एकदा हळूच म्हणून पाहिलं.

तासाची खोली भरली. विसेक मुलं असतील, मुली जास्त. पांढऱ्या कोटांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. कोणी हसत होतं, कोणी मोबाइल खिशात लपवत होतं. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज जे पाहाल ते एका बाईंचं रक्त आहे. मीनलनं पेटीतून काच काढली, तेलाचा थेंब टाकला, दिवा लावला. काच एकच होती, म्हणून मुलांनी रांग लावली.

पहिली मुलगी वाकली. पाहिलं, आणि बाजूला झाली. दुसऱ्या मुलाला काही दिसेना. तो म्हणाला, "मॅडम, काळं काळं हलते." मी भिंतीजवळून म्हणालो, "पापण्या आहेत गा त्या. डोकं मागं घे." सगळी मुलं माझ्याकडे वळली. मीनल तोंडावर हात ठेवून हसली. त्या मुलानं डोकं मागे घेतलं आणि मग त्याचा चेहरा बदलला. त्याला दिसली.

मी पाहत होतो. एकेक जण वाकत होता, खालचा दिवा जळत होता, आणि मला वाटत होतं तसं वाईट वाटत नव्हतं. एक मुलगी तर फार वेळ पाहत राहिली. मागचे कुरकुरले तरी हलली नाही. उठली तेव्हा म्हणाली, "चांगल्या किती आहेत!" कोणी तिला सांगितलं नव्हतं.

मीनल माझ्याजवळ आली. "आबाजी, तुम्हाला पाहायचं असेल तर आधी पाहून घ्या, मुलं थांबतील."

"नाई," म्हणालो. "रांगेनं पाहतो."

आणि मी मागे जाऊन उभा राहिलो. माझ्या मागे उशिरा आलेली एक मुलगी येऊन लागली. रांग हळूहळू सरकली. माझा नंबर आला तेव्हा डाव्या डोळ्यावर हात ठेवला, डोकं जरा मागे घेतलं, आणि चाक कोणी फिरवायची वाट न पाहता मीच इवलंसं फिरवलं. आधी उजेड. मग ती.

थोड्या वेळानं मागून त्या मुलीनं विचारलं, "आबाजी, झालं का?"

"थांब वं बाई," मी म्हणालो. "आत्ताच तं आलो."